मोतीचा गुडघा

माणसाचा खरा स्वभाव कळायचा असेल तर त्याला किंमत विचारताना बघावं. आपण मराठी मध्यमवर्गीय माणसं किंमत विचारण्यात कुणाला हार जाणारी नव्हेत. कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी महाग सांगितली तर आपण भाजीवालीला महागाईवर व्याख्यान देतो आणि वर चार मिरच्या फुकट मागतो. साडी घ्यायची नसली तरी तिचा भाव विचारून ठेवतो. पुढेमागे दुसऱ्याच्या साडीला नावं ठेवायला उपयोगी पडतो. पण हाच माणूस डॉक्टरांपुढे बसला की त्याची वाचा बसते. डॉक्टर म्हणतात, "या सहा तपासण्या करून घ्या." तो मान डोलावतो. 'सहाच्या चार नाही का होणार?' हे वाक्य ओठांपर्यंत येतं, पण बाहेर पडत नाही. कारण पेशंट शेजारीच बसलेला असतो आणि तो बहुधा आपला बाप असतो. बापासमोर बापाचा भाव करणं आपल्यात बसत नाही.

जनावरांच्या बाबतीत ही अडचण काल-परवापर्यंत नव्हती. कुत्रं अंगणात असायचं. उरलेली भाकरी खायचं, परक्यावर भुंकायचं आणि ओळखीच्यावर जास्त भुंकायचं. आजारी पडलं तर कुठलं तरी गवत खाऊन, ओकून, तिसऱ्या दिवशी बरं व्हायचं. पाय मोडला तर गावातला हाडं बसवणारा बांबूच्या कामट्या बांधायचा. त्यानं बरं झालं तर झालं, नाहीतर मुलं दोन दिवस रडायची आणि मोठी माणसं 'त्याचं तेवढंच आयुष्य' असं म्हणून कामाला लागायची. दुःख व्हायचं, नाही असं नाही. पण त्या दुःखाचं बिल येत नसे.

आता कुत्रं घरात आलं. घरात आलं म्हणजे सोफ्यावर आलं. दवाखान्यात त्याची फाइल निघते आणि फाइलवर त्याच्या नावापुढे मालकाचं आडनाव लागतं. आडनाव मिळालं म्हणजे माणूस कुटुंबात आला, आणि कुटुंबात आला म्हणजे त्याच्या आजारपणात किंमत विचारायची सोय गेली. शिवाय जनावरांचं वैद्यकशास्त्र पुष्कळ पुढे गेलं आहे. कुत्र्यांचे एक्स-रे निघतात, सोनोग्राफी होते, मोतीबिंदू काढतात, रक्त चढवतात, कॅन्सरवर उपचार करतात. जे आजार पूर्वी दैवाच्या खात्यात जमा व्हायचे ते आता आपल्या खात्यातून वजा होतात. हे वाईट झालं असं मुळीच नाही. पण त्यातून एक चमत्कारिक गोष्ट झाली. उपाय नव्हता तोवर गरिबी ही नुसती गरिबी होती. उपाय निघाला आणि ती अपराध झाली.

हे मला अण्णांच्या मोतीमुळे कळलं. अण्णा आमच्याच मजल्यावर राहतात. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं फायलींवर शेरे मारून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलानं बंगळुरात असताना हौसेनं लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं आणि कॅनडातली नोकरी लागल्यावर ते 'फक्त सहा महिन्यांसाठी' आईवडिलांकडे आणून सोडलं. त्याला आता सहा वर्षं झाली. परदेशी गेलेल्या मुलांचे सहा महिने हे ब्रह्मदेवाच्या दिवसासारखे असतात. पिल्लाचं नाव तेव्हा मॅक्सवेल होतं. "रात्री अकरा वाजता खाली उभं राहून मॅक्सवेल अशी हाक मारायला मला जमणार नाही," असं सांगून अण्णांनी पहिल्याच दिवशी त्याचा मोती केला. वहिनींनी कुत्रं दाराच्या आत येता कामा नये असा हुकूम काढला होता. आठवड्यात दाराचा अर्थ स्वयंपाकघराचं दार असा झाला. हल्ली दुपारी वहिनी आणि मोती दिवाणखान्यात एकाच सुरात घोरतात.

मुलगा तसा कर्तव्यदक्ष. त्यानं तिकडे बसून मोतीचा विमा उतरवला. त्यासाठी मोतीचे समोरून, डावीकडून आणि उजवीकडून असे फोटो मागवले. असे फोटो पूर्वी फक्त तुरुंगात काढत. पॉलिसी आली. अण्णांनी ती आपल्या पेन्शनच्या कागदांबरोबर लोखंडी कपाटात ठेवली आणि त्या दिवसापासून मोतीकडे ते एका वेगळ्याच आदरानं पाहू लागले. स्वतःचा विमा असलेला प्राणी म्हणजे काही साधा प्राणी नव्हे.

जनावरांचा विमा ही काही आजची टूम नाही. स्वीडनमध्ये १८९० च्या सुमाराला घोड्यांचा आणि गुरांचा विमा सुरू झाला आणि १९२४ मध्ये तिथे पहिल्यांदा कुत्र्याचा विमा उतरवला गेला. अमेरिकेत तशी पहिली पॉलिसी १९८२ साली निघाली ती दूरदर्शनवरच्या लॅसीच्या नावानं. लॅसी ही कुत्री. पण तिचं काम करणारे नट आजवर सगळे कुत्रेच झाले. म्हणजे आमच्या संगीत नाटकाची परंपरा तिकडेही होती म्हणायची! पॉलिसीच्या फॉर्मवर स्त्री की पुरुष या रकान्यात त्यांनी काय लिहिलं असेल, या विचारानं माझी एक झोप गेली आहे.

आपल्याकडे शेतकऱ्याला गाई-म्हशींचा विमा चांगला ठाऊक आहे. जनावराच्या कानात बिल्ला मारतात, आणि नियम सोपा असतो : बिल्ला नाही तर भरपाई नाही. गाय मेली आणि बिल्ला हरवला तर ती गाय कागदोपत्री मरतच नाही. पण त्या विम्यात एक सरळपणा आहे. गाईची किंमत बाजारात ठरते. ती किती लिटर दूध देते, कितवं वेत आहे, यावरून रक्कम काढता येते. कुत्र्याचं काय करायचं? ते दूध देत नाही, नांगर ओढत नाही, आणि लॅब्राडॉर असेल तर चोराचंही शेपूट हलवून स्वागत करतं. म्हाताऱ्या कुत्र्याचा बाजारभाव शून्य. मग विमा कशाचा उतरवतात? मला वाटतं, गाईचा विमा हा गाईचा असतो. कुत्र्याचा विमा हा मालकाला 'नाही' म्हणता येत नाही त्याचा असतो. उद्या डॉक्टर आकडा सांगतील तेव्हा तो ऐकून आपल्याला हिशेब करायला लागू नये, म्हणून आपण दर वर्षी पैसे भरतो.

तो आकडा गेल्या पावसाळ्यात आला. शेवाळलेल्या जिन्यावरून मोती घसरला आणि त्याचा उजवा मागचा पाय जमिनीला टेकेना. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. फुटबॉल आणि क्रिकेट खेळणाऱ्यांचा तुटतो तोच, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा त्या परिस्थितीतही अण्णांना थोडा अभिमान वाटला. हाड कापून त्याचा कोन बदलायचा, वर धातूची पट्टी आणि स्क्रू बसवायचे. खर्च सुमारे ८५ हजार रुपये. अण्णांनी 'विमा आहे' असं सांगितलं. 'मंत्री आमच्या ओळखीचे आहेत' हे लोक ज्या सुरात सांगतात, त्या सुरात सांगितलं.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. पॉलिसी काढण्यापूर्वी एकदा मोतीच्या डाव्या मागच्या पंजात बाभळीचा काटा गेला होता. तेव्हाच्या डॉक्टरांनी काटा काढला आणि कार्डावर 'किंचित लंगडतो' असा शेरा मारला. कंपनीनं तो शेरा शोधून काढला. लंगडणं पूर्वीपासून होतं, पूर्वीपासून असलेला आजार पॉलिसीत बसत नाही, आणि एका बाजूच्या सांध्याचं दुखणं दुसऱ्या बाजूलाही लागू धरलं जातं, असं पत्रात होतं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारणाऱ्या अण्णांना शेऱ्याची ताकद काय असते ते त्या दिवशी कळलं.

'पूर्वीपासून असलेला आजार' या कल्पनेचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. वरवर पाहता ही विम्याची अट आहे, पण खोलात गेलं तर तो शुद्ध वेदान्त आहे. पूर्वकर्माशिवाय दुःख नाही असं आपले ऋषी सांगत आले. कंपनीही तेच सांगते, फक्त सही-शिक्क्यासह. जन्म हाच सगळ्या आजारांच्या पूर्वीपासूनचा आजार आहे. या हिशेबानं ज्याचा जन्म झालेला नाही अशा कुत्र्यालाच पूर्ण भरपाई मिळायला हरकत नाही.

तरी न्यायानं बोलायचं तर अट खोटी नाही. घराला आग लागल्यावर आगीचा विमा उतरवता आला असता तर आधी कुणीच उतरवला नसता आणि सगळ्यांनी मिळून भरलेला गल्ला पहिल्या आठवड्यात रिकामा झाला असता. विमा म्हणजे शेवटी मोठी भिशीच. पण भिशी चालवणाऱ्यानं काटा म्हणजे काटा आणि गुडघा म्हणजे गुडघा एवढं तरी ओळखावं. अण्णांनी कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याला सविस्तर अर्ज लिहिला, सोबत सहा कागद जोडले. तिथे तीस दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी पडत नाही, हेही त्यांनी शोधून काढलं. अण्णांचं हे आवडतं क्षेत्र. पण मोतीचा गुडघा अर्जाच्या निकालापर्यंत थांबायला तयार नव्हता.

इकडे इमारतीखालच्या बाकावर मोतीचा खटला उभा राहिला. आमचा बाक हे सर्वोच्च न्यायालय आहे; फरक इतकाच की इथे सगळेच न्यायमूर्ती असतात.

पहिला निकाल असा, की ८५ हजारांत एका गरीब मुलाचं शिक्षण होईल. कुत्र्यावर एवढा पैसा घालणं हे पाप आहे. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पीटर सिंगर नावाचे ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ आहेत. चैनीवर खर्च होणारा पैसा उपाशी माणसांना द्यायला आपण बांधलेले आहोत, असा निबंध त्यांनी १९७२ साली लिहिला. पुढे तीनच वर्षांनी त्यांनी जनावरांच्या बाजूनं अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात सुखानं नांदू शकतात. आमच्या बाकावरचा अनुभव मात्र वेगळा आहे. हा गरीब मुलगा कुत्र्याच्या बिलाच्या वेळीच नेमका येतो. ज्या गृहस्थांनी तो आणला, त्यांनी मुलीच्या लग्नात आकाशातून चित्रण करायला ड्रोन लावला होता. तेव्हा तो मुलगा कुठे होता कोण जाणे. मुद्दा खरा असेल तर तो ड्रोनलाही लागू आहे, सोफ्यालाही, दर वर्षी बदलणाऱ्या मोबाइललाही. तो फक्त मोतीला लावायचा म्हणजे गरीब मुलाच्या आडून कुत्र्याला दगड मारणं झालं.

दुसरा निकाल : तो तुमचा मुलगाच आहे, कर्ज काढा. हे सांगणाऱ्या बाईंनी युधिष्ठिराचा दाखला दिला. स्वर्गाच्या दारात तो इंद्राला म्हणाला, की बरोबर आलेल्या या कुत्र्याला सोडून मी आत येणार नाही. दाखला बिनतोड वाटतो. पण युधिष्ठिराची परिस्थिती बघा. राज्य नातवाला देऊन तो मोकळा झालेला, भाऊ आणि बायको वाटेत पडलेली, पुढे पेन्शन पुरवायची नाही की गॅसचं सिलिंडर आणायचं नाही. त्याच्याकडे द्यायला फक्त स्वर्ग होता आणि तो त्याचा एकट्याचा होता. इंद्रानं त्याच्याकडे डिपॉझिट मागितलं नाही. युधिष्ठिराचा मोठेपणा मी कमी करत नाही. पण 'तुला सोडणार नाही' आणि 'तुझ्यासाठी वाटेल तेवढा खर्च करीन' ही दोन वेगळी वचनं आहेत, आणि धर्मराजानं दिलं ते पहिलं.

तिसरा निकाल हलक्या आवाजात आला. "हायवेवर नेऊन सोडा. कुणीतरी बघेल." या निकालाला उत्तर म्हणून अण्णा बाकावरून उठून गेले. त्यानंतर चार दिवस ते बाकावर आले नाहीत.

आपल्या घटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली, त्यांत प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हेही एक आहे. घटनेनं दया सांगितली, दयेचा दर मात्र सांगितला नाही. तो ज्यानं त्यानं आपल्या स्वयंपाकघरात बसून काढायचा असतो. अण्णांच्या स्वयंपाकघरात तो निघेना, कारण ८५ हजार रुपये नव्हते असं नाही. होते. एक लाखाची एफ. डी. होती. ती वहिनींच्या गुडघ्यासाठी होती.

वहिनींच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या आहेत. ऑपरेशनचे मेडिक्लेममधून मिळतील तेवढे मिळतील, वर लागणारे म्हणून हे बाजूला ठेवलेले. वहिनी म्हणाल्या, "अहो, मोडा ती एफ. डी. माझा गुडघा चार वर्षं थांबलाय, आणखी वर्षभर थांबेल. मला दुखलं तर मी निदान तुमच्यावर ओरडू तरी शकते. त्यानं कुणावर ओरडायचं?"

"कुत्र्याच्या गुडघ्यासाठी बायकोचा गुडघा गहाण टाकला म्हणतील लोक," अण्णा म्हणाले.

"म्हणू देत. लोकांचे गुडघे चांगले आहेत."

आता इथे काय करावं? एकनाथांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. काशीहून रामेश्वराला वाहायला नेलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. तेही एका कामासाठी राखून ठेवलेलं दुसऱ्या कामाला वापरणंच होतं. पण नाथांनी ओतलं ते स्वतःच्या खांद्यावरून वाहून आणलेलं पाणी. दुसऱ्याच्या कावडीतलं नव्हे. वहिनींना आपला गुडघा थांबवायचा हक्क आहे. अण्णांना तो त्याग घ्यायचा हक्क आहे का, हा खरा प्रश्न. आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या आईनं 'मला भूकच नाही' म्हणायचं आणि बाकीच्यांनी ते खरं मानून ताटं पुढं ओढायची, असं चालत आलं आहे. घरातल्या बाईच्या तोंडून 'मी स्वखुशीनं देते' हे शब्द आले की थोडं थांबावं. ते नेहमीच खोटे नसतात, पण नेहमीच पुरे खरेही नसतात.

आणि मोतीचं काय? त्याला तर कुणी विचारलंच नाही. माणसाला ऑपरेशनपूर्वी सांगता येतं, की बाबा, महिनाभर दुखेल, मग बरं वाटेल. त्या 'मग'च्या जोरावर माणूस दुखणं काढतो. कुत्र्याच्या कोशात 'मग' हा शब्द नाही. त्याला आज दुखतं एवढंच कळतं, आणि आपली माणसं जवळ आहेत की नाहीत एवढंच कळतं. बिलात किती शून्यं आहेत यावरून आपलं प्रेम मोजायची सवय आपल्याला आहे, त्याला नाही.

तुम्ही म्हणाल, दोष डॉक्टरांचा. जनावरांवर प्रेम असेल तर त्यांनी पैसे कमी घ्यावेत. हे वाक्य पशुवैद्याला रोज ऐकावं लागतं. सोनाराला कुणी म्हणत नाही, की तुमचं सोन्यावर एवढं प्रेम आहे तर मजुरी सोडा. एक्स-रेचं मशीन कुत्र्यासाठी स्वस्तात मिळत नाही. उलट पेशंटला कुठे दुखतं ते सांगता येत नाही आणि तपासताना तो चावतो. तरीही बिलं भडकतात हे खरंच आहे, आणि सगळीकडेच. इंग्लंडमध्ये २०१३ साली दहातला एक दवाखाना मोठ्या कंपन्यांकडे होता, दहा-अकरा वर्षांत दहातले सहा झाले. २०१६ ते २०२३ या सात वर्षांत तिथली फी ६३ टक्क्यांनी वाढली असं त्यांच्या सरकारी चौकशीत दिसलं. आणि हा तोच देश, जिथे १९१७ साली मारिया डिकिन या बाईंनी लंडनच्या गरीब वस्तीतल्या तळघरात दुखण्याईत जनावरांचा फुकट दवाखाना काढला होता. आपल्याकडे त्याच्याही आधी मुंबईच्या परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावानं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. तिथे यायचे ते टांग्याचे घोडे आणि गाडीचे बैल. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्या जनावरालाही दुखतं, ही गोष्ट त्या लोकांना तेव्हा कळली होती. एकट्या अण्णांच्या एफ. डी.वर हा प्रश्न सुटणार नाही, तो गावानं मिळून सोडवायचा असतो, हेही त्यांना कळलं होतं.

दरम्यान अण्णांबरोबर मी त्या दवाखान्यात गेलो होतो. तिथे एक रिक्षावाला रिक्षास्टँडवरचं म्हातारं कुत्रं घेऊन बसला होता. त्याची मूत्रपिंडं गेली होती. रोज सलाइन लावलं तर महिना-दोन महिने निघतील, असं बाईंनी सांगितलं. रोजचा खर्च त्याच्या दिवसभराच्या धंद्याएवढा. त्यानं विचारलं, "पण बरा होईल का?" बाई म्हणाल्या, "बरा नाही होणार. दिवस वाढतील." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, सुई दिली तर त्याला त्रास नाही ना होणार?" समोर मांडीवर गुबगुबीत पग घेऊन बसलेल्या एका बाईंनी 'माणसं किती निर्दयी असतात' असं शेजारणीच्या कानात सांगितलं. आम्हाला ऐकू आलं म्हणजे त्यालाही आलं असणार. तो काही बोलला नाही. कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसला, खिशातलं बिस्किट काढून त्याच्या नाकाशी धरलं. कुत्र्यानं ते हुंगलं, खाल्लं नाही. सगळं संपेपर्यंत तो हलला नाही. बाईंनी फी घेतली नाही. पुढे त्याच आम्हाला म्हणाल्या, की हजारोंनी खर्च करणारे पुष्कळ लोक त्या शेवटच्या पाच मिनिटांना बाहेर जाऊन उभे राहतात.

आम्ही आत गेलो. अण्णा खुर्चीत बसले, घसा साफ केला आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही साहेबापुढे जे बोलले नव्हते ते बोलले, "डॉक्टर, एवढे आम्हाला झेपत नाहीत. यापेक्षा कमी खर्चात काय होईल ते सांगा."

मला वाटलं, आता बाई तुच्छतेनं बघणार. त्या उलट मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "हे लोक पहिल्या दिवशी का बोलत नाहीत?" हाड कापण्याऐवजी सांध्याच्या बाहेरून भक्कम दोरा घालून गुडघा आवळायची एक जुनी पद्धत आहे. एवढ्या वजनाच्या कुत्र्याला ती पहिल्याइतकी चांगली नाही, पण वाईटही नाही. सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात ती चौथाई खर्चात होईल. वजन मात्र सहा किलो उतरवायला हवं. "कुणाचं?" अण्णांनी विचारलं. बाईंनी मोतीकडे बोट केलं, पण त्याआधी एकदा अण्णांकडेही पाहिलं.

ऑपरेशन झालं. मोती चालतो. थंडीच्या दिवसांत किंचित लंगडतो, आणि या वेळी तो शेरा खरा आहे. वहिनींचा गुडघा येत्या दिवाळीनंतर व्हायचा आहे. लोकपालांकडचा अर्ज चालू आहे. त्याची जाडी आता गीतारहस्याच्या आसपास आली आहे.

किती खर्च करावा, याचं उत्तर मला अजूनही आकड्यात देता येणार नाही. ज्याच्याकडे आहेत त्यानं ८५ हजार घालावेत, त्याला कुणी पाप म्हणू नये. ज्याच्याकडे नाहीत त्यानं नाहीत म्हणून सांगावं, त्यालाही कुणी पाप म्हणू नये. आपण त्याला घरात घेतलं तेव्हा आपल्यावर तीन गोष्टी आल्या : त्याला उगीच दुखत ठेवायचं नाही, त्याला टाकून द्यायचं नाही, आणि शेवटी आपण खोलीबाहेर जायचं नाही. यातल्या पहिलीला पैसे लागतात, पण बहुधा आपण समजतो त्यापेक्षा कमी. उरलेल्या दोन फुकट आहेत, म्हणूनच महाग पडतात.

वहिनींनी आता आपल्या परीनं दुसरी पॉलिसी काढली आहे. तांदळाच्या डब्यात एक पिशवी असते, तीत दर महिन्याला पाचशे रुपये पडतात. फॉर्म नाही, फोटो नाही, आणि पूर्वीपासूनच्या आजाराची अट नाही. क्लेम मंजूर करायला एकच सही लागते आणि ती वहिनींची. अण्णांचं म्हणणं, की या कंपनीत आपल्या दातांनाही संरक्षण मिळावं. वहिनींनी तो अर्ज नामंजूर केला. दात पूर्वीपासून हलत होते म्हणे.